थंडी पडली आणि कोंबड्यांनी संप केला

वसनाकाठची

मंडळी, दिवाळीपर्यंत माझ्या अकरा कोंबड्या दिवसाला सात-आठ अंडी देत होत्या. मार्गशीर्ष लागला तशी पाच झाली, मग तीन, आणि गेला आठवडाभर रोज एकच. तेही खुराड्यात नाही, शेळ्यांच्या गव्हाणीत. ते देतंय कोण हेही अजून सापडलेलं नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. कोरेगाव तालुक्यात वसनेच्या अलीकडे आमचे तीस गुंठे आहेत, सासऱ्यांच्या वाटणीचे. पुण्याची नोकरी सोडून मला इथे दोन वर्षं झाली. ह्यांची नोकरी अजून दोन वर्षं आहे; शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी ‘काय झोप लागते गं इथे’ म्हणून परत जातात. घरात मी, आत्या (सासूबाई), कोंबड्या, एक कोंबडा, दोन उस्मानाबादी शेळ्या आणि एक मांजर. दहा गुंठे शाळू (रब्बीची ज्वारी), आठ गुंठे हरभरा, बाकीच्यात मेथी, वांगी, पावटा, शेळ्यांना चारा म्हणून थोडा लसूणघास. पोट यावर नाही, तेव्हा हौसच म्हणायची.

पण ही हौस पहाटे साडेपाचला उठवते. आधी बंब पेटवायचा. शेणकुटं रात्रीच आत आणून ठेवली नसतील तर दवाने ओली होतात आणि मग नुसता धूर. तोवर नदीवरून धुकं चढत बांधापर्यंत आलेलं असतं. शेळ्या ओरडायला लागतात, पण त्यांना लगेच घास घालायचा नाही. त्यावरचं दव उडेपर्यंत कडब्यावर भागवायचं. गेल्या वर्षी ओला घास घातला आणि थोरलीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हापासून शहाणी झाले. कोंबड्या मात्र सात वाजून गेले तरी खाली उतरत नाहीत. दांडीवर एकमेकींना चिकटून गोळे करून बसतात.

शेजारचे म्हणतात खुराड्यात बल्ब लावा. आत्या म्हणतात, “काय नगं. थंडीत ती बसायचीच. कोंबडी हाय का गिरणी?” कोणाचं ऐकू?

गोठेवाला डॉक्टर

ताई, बल्बचा मुद्दा खरा आहे, पण कारण थंडी नाही, उजेड आहे. कोंबडीचं अंडं दिवसाच्या लांबीवर चालतं. चांगलं उत्पादन हवं तर रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. उजेड कमी झाला की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशाराच मंदावतो.

पिसं गळतायत का ते पाहा. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबड्या या दिवसांत पिसं टाकतात. नवीन पिसं म्हणजे बहुतेक सगळी प्रथिनंच, त्यामुळे खाल्लेलं तिकडे जातं आणि अंडी बंद पडतात. खुराकात नुसतं धान्य असेल तर शेंगदाणा पेंड वाढवा, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

मोठ्या कोंबडीला आपल्याकडच्या ९-१० अंशांचं काही वाटत नाही, अंगावर गोधडी आहे तिच्या. तिला बाधतो तो ओलावा आणि कोंडलेली हवा. थंडी लागेल म्हणून खुराडं गोणपाटाने गच्च बांधलं असेल तर आजच वरची फट मोकळी करा. विष्ठेचा अमोनिया आत साठला की सर्दी आणि घरघर सुरू होते.

कऱ्हाडचा पप्या

ताई, डॉक्टर सायब बराबर बोलत्यात. मी मागल्या साली २५ कोंबड्यांवर बल्ब लावला, पंधरा-वीस दिवसात अंडी दुप्पट. पन एक सांगतो, १०० चा पिवळा बल्ब लावू नका. म्या लावलावता, तारंवरनं सुटून खाली पाचटात पडला. पहाटं धूर दिसला म्हनून वाचलो, न्हायतर सगळ्यांचं तंदूर झालं असतं. आता ९ वॅटचा एलईडी हाय, बास होतो.

गोठेवाला डॉक्टर

पप्या, देव पावला तुला.

एलईडीच योग्य. आणि लावायचा तो पहाटे. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, जिथे असतील तिथेच बसतात. पहाटे पाचला लागला तर आपोआप सूर्योदयाला जुळतो. वाढवायचं तेही हळूहळू, आठवड्याला अर्धा तास.

वसनाकाठची

पिसं गळतायतच! अख्खं अंगण पिसांनी भरलंय, मला वाटलं मांजराने काही केलं. वरची फट आज मोकळी केली, आणि वास आलाच हो. गोणपाट मीच बांधलं होतं, आईच्या मायेने.

शेणकूट

कोंबड्यांना आंदोलनाचं कारण तरी आहे, आमचा गोबरगॅस काहीच न सांगता बसतो. दोन घनमीटरचं संयंत्र आहे, चार जनावरांचं शेण रोज जातं. उन्हाळ्यात दोन वेळचा स्वयंपाक होऊन चहा उरतो, आता दुपारची डाळ शिजता शिजता ज्योत मिटते. आतल्या जिवाणूंना ३०-३५ अंशांची ऊब लागते. आम्ही टाकीभोवती पाचटाचा जाड थर लावतो आणि शेण सकाळी न कालवता दुपारी कालवतो, उन्हात तापलेल्या पाण्यात. पूर्ण गॅस मिळत नाही, पण संध्याकाळच्या भाकरी होतात.

वसनाकाठच्या ताई, तुमच्याकडे पाण्याच्या मोटारीची लाईट सध्या दिवसाची की रात्रीची?

वसनाकाठची

विचारू नका. या आठवड्यात रात्रीची. मंगळवारी शाळूला पाणी द्यायचं होतं. रात्री बाराला मफलर, कानटोपी, ह्यांचं जुनं जर्किन, पायात गमबूट, हातात बॅटरी, अशा अवतारात निघाले. आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “चोर बघून पळून जाईल.”

सरीचं दार मोडून पाणी दुसऱ्या सरीत घ्यायचं, तोवर पहिली बांधाकडे फुटायची. पण एक गंमत सांगते. हात पाण्यात घातला तर पाणी चक्क कोमट! पाटातून वाफ निघत होती. पाय पाण्यात ठेवून उभी राहिले तर बाहेरच्यापेक्षा बरं वाटलं.

मिरजेचा मळेवाला

ताई, पाणी कोमट झालेलं नाही, आपण गारठलोय. खोल विहिरीच्या पाण्याचं तापमान बारा महिने फारसं हलत नाही, त्या भागातल्या वर्षाच्या सरासरीजवळ राहतं, म्हणजे आपल्याकडे साधारण २५ अंश. म्हणून ते मे महिन्यात गार लागतं आणि डिसेंबरात कोमट. याच गोष्टीवर आमच्याकडे बागा वाचवतात. कडाक्याची थंडी पडणार असं दिसलं की पहाटे ड्रीप सोडतात, जमिनीची ऊब टिकते.

तासगाव भागात पाहुणे आहेत, त्यांची एक एकर द्राक्षबाग आहे. मण्यात पाणी भरलं, साखर उतरायला लागली आणि अशात रात्रीचा पारा एकदम घसरला की मणी तडकतात. सकाळी घडाला हात लावला की रस गळतो. रात्री दोनला उठून बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, बाईमाणूस, पोरं सगळी. तुमचा संप अकरा कोंबड्यांचा आहे, त्यांचा वर्षभराचा पैसा एका रात्रीवर असतो. टोमणा नाही बरं का, आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

वसनाकाठची

टोमणा नाहीच दादा. मी हे हौसेने करते आणि उद्या शाळू गेला तरी माझ्या ताटात भाकरी आहे, हे मी विसरत नाही. रात्री पाटावर उभी असताना पलीकडच्या रानात दुसरी बॅटरी हलत असते. तो गडी हौसेने आलेला नसतो.

नुसतीच वाचक

विषय गंभीर चाललाय, पण शाळू म्हटलं की मला फक्त हुरडा आठवतो. कधी येऊ? :)

वसनाकाठची

पुढच्या महिन्यात या, आत्ता कणसं नुसती दुधात आहेत. आणि पाखरांनी ठेवला तर! राघू तर आहेतच, पण सध्या भोरड्यांनी उच्छाद मांडलाय. काळ्या डोक्याच्या, गुलाबी पाठीच्या. ढगासारखा थवा येतो, उतरतो, दहा मिनिटांत एक कोपरा साफ. दिसायला इतक्या देखण्या की पहिल्या दिवशी मी फोटोच काढत बसले. आत्यांनी पाठीमागून डबा बडवला.

माणदेशी कोरडवाहू

भोरडी लांबची पाहुणी आहे, मध्य आशियाकडून येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जाते. उन्हाळ्यात तिकडे जाऊन टोळ खाते म्हणतात, पण इथे येऊन आमचा शाळू खाते त्याचं काय करायचं! आमच्या लहानपणी रानात माळा असायचा आणि राखणीला आम्ही पोरं. गोफणीत ढेकूळ घालायचं, धोंडा नाही. ढेकूळ हवेत फुटतं आणि त्याच्या आवाजाने थवा उठतो. आता पोरं शाळेत, क्लासला. चकाकणाऱ्या फिती बांधतो, दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी त्याच फितीवर बसतात.

हुरड्याला खास वाण लावा पुढच्या वर्षी. गुळभेंडी लावा, दाणा गोड आणि चोळला की बोंडातून लगेच सुटतो. भाकरीच्या शाळूचा हुरडा होतो, पण चोळून तळहात सोलतात. आगटीला शेणी वापरा, लाकूड नको, कणसं करपतात.

आणि ताई, शाळूला रात्री बाराला पाणी कशाला देता? आमच्याकडे तो दवावरच येतो.

वसनाकाठची

काका, तुमची काळी खोल असेल. आमची मुरमाड आहे, दोन पाण्यांशिवाय कणीस भरत नाही.

अवनी वाई

हरभऱ्याचे शेंडे खुडले का? आमच्याकडे पेरल्यावर महिन्याभरात खुडतात, फुटवे वाढतात आणि भाजीही होते. लसणाची फोडणी, वरून थोडं बेसन, बाजरीची भाकरी. याच्यापुढे अंडी काय!

वसनाकाठची

खुडले, खाल्ले, वाळवून बरणीही भरली. आणि यंदा आत्यांनी आंब धरली! संध्याकाळी धुतलेलं पांढरं मलमल हरभऱ्यावर पसरलं, पहाटे दवाने जड झालेलं उचलून काचेच्या बरणीत पिळलं. चार पहाटांत पाव बाटली. बोट लावून चाखलं, कैरी परवडली इतकं आंबट. आत्यांच्या मते पोटदुखीवर याच्यासारखं औषध नाही. माझ्या पायाला मात्र चप्पल घालून त्या रानातून गेले तर घोट्यापर्यंत चुरचुरतं.

गोठेवाला डॉक्टर

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, दवात उतरतं. चमचाभर पाण्यात घालून घेणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांना मुतखडा आहे त्यांनी लांब राहावं, ऑक्झॅलिक तिथे घातच करतं. आणि घाटेअळीवर काही फवारलं असेल तर त्या रानाची आंब धरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

वसनाकाठची

फवारलं नाही. निंबोळी अर्क एकदाच, तोही आंब धरून झाल्यावर. बाकी काठ्या रोवल्यात, त्यावर कोतवाल आणि साळुंक्या बसून अळ्या टिपतात. म्हणजे एका रानात पाखरांना बोलवायचं आणि शेजारच्या रानातून हाकलायचं. पाखरांना काय वाटत असेल!

ह्यांची एक बातमी. रविवारी पुसेगावच्या यात्रेला गेले होते, सेवागिरी महाराजांचं दर्शन आणि जनावरांचा बाजार. परत आले ते खिलार खोंडाच्या गप्पा मारत. “काय ऐट आहे, काय शिंगं!” तीस गुंठ्यांत बैल कशाला, विचारलं तर म्हणे बघायला. आत्या म्हणाल्या, “ह्याला आरसा आणून द्या.”

कऱ्हाडचा पप्या

आत्यांना माझा दंडवत!

ताई, रात्री पान्याला जाताना एकटं जाऊ नका. आमच्याकडं ऊसतोड चालू हाय, फड मोकळा झाला की बिबट्या दुसरीकडं सरकतो. मागल्या महिन्यात शेजारच्या फडात दोन बछडी घावली. पोरं मोबाईल काढून उचलाय निघाली, मुकादमानं हाकललं. १९२६ ला फोन लावला, वनखात्याची मानसं आली, पिल्लं तिथंच क्रेटमधी ठिवली, रात्री आई येऊन घिऊन गेली. हात लावायचा न्हाय, घरी तर न्यायचंच न्हाय. मोबाईलवर गानी लावून चालत जावा, आपन हाय हे त्याला कळलं पायजे.

गोठेवाला डॉक्टर

बिबट्यापेक्षा मला घोणसीची भीती जास्त वाटते. थंडीत ती दिवसासुद्धा उन्हाला येऊन पडते, बांधावर, पाचटात, कडब्याच्या गंजीशी. पेंढी ओढताना आधी काठीने हलवा. चावलीच तर बांधाबांधी, मंत्रतंत्र काही नको, सरळ सरकारी दवाखाना, लस तिथेच असते.

नुसतीच वाचक

हुरड्याला यायचं की नाही यावर मी फेरविचार करतेय.

वसनाकाठची

या हो, गमबूट देईन.

एक शंका. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात. मग जानेवारी उजाडला तरी पहाट आणखी उशिरा का होतेय? काल सात वाजून गेले तरी तांबडं फुटलेलं पुरतं विरलं नव्हतं.

माणदेशी कोरडवाहू

दिवस मोठा होतोय, पण संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यानंतर. सगळ्यात छोटा दिवस या दोन्हींच्या मध्ये. पंचांग उघडून वेळा बघा, दिसेल. संक्रांत झाली की आठ-पंधरा दिवसांत पहाट लवकर व्हायला लागते.

वसनाकाठची

बरेच दिवसांनी येतेय. काय काय झालं ते सांगते.

भोगीच्या आदल्या रात्री धाकटी शेळी अस्वस्थ. खुराने जमीन उकरते, बसते, उठते. मी हिशोब केला, श्रावणात बोकडाला दाखवलेली, पाच महिने भरतच आलेले. रात्री अडीचला पहिलं पिल्लू, वीस मिनिटांनी दुसरं. बाहेर बोटं वळत नव्हती. आत्या ऐंशीच्या घरात, पण गुडघ्यावर बसून त्यांनी दोन्ही पिल्लांची नाकं-तोंडं पुसली, गोणपाटाने खसाखसा अंग चोळलं. मी नाळेला आयोडिन लावलं. पहिलं लगेच लुचायला लागलं, दुसरं मान टाकून पडलेलं. चीक काढून बोटाने चाटवला, थरथर काही थांबेना.

आणि मग मी काय केलं असेल? कोंबड्यांसाठी आणून न लावलेला बल्ब होताच, पण तो एलईडी. ऊब कुठली येणार! शेवटी माळ्यावरचा जुना १०० चा पिवळा काढला. पप्याचा धूर डोक्यात होता. तारेला बांधला नाही, वाशाला साखळी घालून हातभर उंच टांगला, भोवती जाळी, खाली पाचट नाही तर कोरडी माती आणि पोतं. आणि सकाळपर्यंत मी तिथून हलले नाही. साडेचारला ते उभं राहिलं. पडलं, परत उभं राहिलं.

सकाळी भोगी. खेंगट करायचं तर डोळ्यावर झोप. हरभऱ्याचे घाटे, पावटा, वांगी, गाजर, बोरं, शेंगदाणे, सगळं आत्यांनी निवडलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी मी थापल्या, वेड्यावाकड्या. वाणाला ऊस शेजारून, ओंबी पलीकडच्या मळ्यातून, बाकी सगळं घरचं.

कोंबड्यांना बल्ब लावला नाही. डॉक्टर रागावू नका. तुम्ही सांगितलेलं पटलं, पेंड वाढवली, शिंपले ठेवले, हवा मोकळी केली. पण पहाटे पाचला उजेड केला असता तर त्या उठल्या असत्या, मग त्यांना खायला घालायला मीही पाचला. ती ताकद या महिन्यात नव्हती. पोटासाठी करत असते तर लावलाच असता. नवी पिसं मात्र अशी आलीत की ओळखू येत नाहीत. कालपासून तीन अंडी.

गोठेवाला डॉक्टर

रागावायचं काय त्यात. अकरांचा हिशोब वेगळा, अकराशेंचा वेगळा. पिल्लांना पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे, तेवढं बघा. ज्याने मान टाकली होती त्याला महिनाभर रात्री आतच घ्या. आणि शेळ्यांच्या लसी राहिल्या असतील तर आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

अवनी वाई

पिल्लांचे फोटो टाका की!

आणि एक विचारू? शेळीच्या चिकाचा खरवस होतो का हो?

वसनाकाठची

होत असेल. आत्यांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललेच नाही. चीक पिल्लांचा. फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता रेंज नाही आणि थोरली गव्हाणीत बसलीय. गव्हाणीतल्या अंड्याची मालकीणही सापडली, ती लाल तुऱ्याची. शेळीच्या पाठीवर चढून उतरते.